लाल मुलखातला एक दिवस आणि हरवलेला तास

मे महिन्यात आई-बाबा आमच्याकडे अमेरिकेत फिनिक्सला आले होते. त्यांना घेऊन ॲरिझोनाच्या उत्तर टोकावरील पेज या गावी मुक्काम केला आणि एका दिवसात लाल सुळक्यांची मॉन्युमेंट व्हॅली व शेजारच्या यूटा राज्यातील गूसनेक्स ही नदीची वळणे पाहून यायचे ठरवले.

सकाळी प्रथम हॉर्सशू बेंड. सुमारे १,००० फूट खोल दरीत कोलोरॅडो नदी घोड्याच्या नालेसारखी वळते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळे जण फोटो काढत असताना त्यांचे लक्ष पाण्याच्या हिरव्या रंगाकडे होते. "वर धरण असणार, गाळ तिथेच बसतोय," ते म्हणाले. थोडे वरच्या अंगाला खरोखरच ग्लेन कॅनियन धरण आहे आणि पेज हे गावही १९५७ मध्ये त्याच धरणाच्या कामगारांसाठी वसवलेले.

पुढे दोन तास सरळ रस्ता, अधूनमधून घोडे. मॉन्युमेंट व्हॅलीला अकराच्या जीपचे आरक्षण होते आणि आम्ही पावणेअकराला पोहोचलो, असा आमचा समज होता. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितले की पावणेबारा झाले आहेत. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच राज्यात पसरलेले नावाहो राष्ट्र, म्हणजे नावाहो या मूळ रहिवाशांचा स्वशासित प्रदेश, करते आणि मॉन्युमेंट व्हॅली त्यातच येते; एवढी वर्षे इथे राहून हे माझ्या ध्यानात नव्हते. जीप गेली होती, तेव्हा सत्तावीस किलोमीटरचा कच्चा फेरा आम्ही आपल्याच गाडीने, खालून दगड लागेल या धास्तीत पूर्ण केला.

'मिटन्स' (अंगठा वेगळा असलेले हातमोजे) म्हणून प्रसिद्ध असलेले दोन सुळके समोर आले, तेव्हा मनमाडकर बाबा एकदम म्हणाले, "अरे, ही तर आपली हडबीची शेंडी!" मनमाडजवळ रेल्वेतून दिसणाऱ्या त्या अंगठ्यासारख्या सुळक्याची आठवण मलाही झाली, फरक इतकाच की तो लाव्हाचा काळा कातळ आहे आणि हा वाळूचा दगड, लोहाच्या गंजाने लाल झालेला. खालचा मऊ थर झिजतो, आधार सुटला की वरच्या कठीण दगडाचे उभे तुकडे कोसळतात, म्हणून या भिंती ओळंब्यात बांधल्यासारख्या उभ्या दिसतात.

दुपारी एका टपरीवर फ्राय ब्रेड घेतला. कागदी ताटलीतून तेल झिरपत होते. आईने तुकडा मोडून निकाल दिला, "भटुराच आहे, दही नाही इतकेच." या पदार्थाचे मूळ मात्र सुखाचे नाही. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नावाहो लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतील छावणीत नेले. तिथे शिधा म्हणून मिळालेल्या मैद्यातून आणि चरबीतून तो जन्मला, असे सांगतात. १८६८ च्या तहाने ते आपल्या भूमीत परतले आणि ही पोळीही त्यांच्याबरोबर आली. हे ऐकल्यावर आईने उरलेला तुकडा कागदात नीट बांधून पर्समध्ये ठेवला.

माझ्या मते दिवसातील सर्वोत्तम जागा गूसनेक्स. गर्दी अगदीच तुरळक. कठड्याखाली १,००० फुटांवर सॅन वान नदी इतके वेढे घेते की अडीच किलोमीटर पुढे सरकायला तिला जवळपास दहा किलोमीटर वाहावे लागते. बाबा बराच वेळ हात मागे बांधून पाहत राहिले.

"आम्ही असा कालवा काढला असता ना," ते शेवटी म्हणाले, "तर चौकशी लागली असती."