बिअर्डेड ड्रॅगनच्या पेटीतलं ऊन आणि उजेड

हा सरडा मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखातला. त्यामुळे ४ × २ × २ फुटांच्या पेटीत एक टोक कडक तापलेलं आणि दुसरं थंड हवं, म्हणजे तो जागा बदलून अंगाची उष्णता स्वतः सांभाळतो.

तापत्या टोकाला वरून साधा हॅलोजन फ्लड बल्ब लावा. त्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवा. तो इन्फ्रारेड थर्मामीटरनेच मोजा, काचेवर चिकटवायची पट्टी फक्त काचेचं तापमान सांगते. थंड टोक २४ ते २८ अंशांवर राहू द्या. हॅलोजनला डिमिंग थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून बल्ब मंद-प्रखर करणारं उपकरण, जोडा. नुसत्या चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटने बल्ब सारखा लुकलुकतो आणि लवकर जातो.

खरी चूक यूव्हीबीत, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या बाबतीत, होते. छोटे गुंडाळीच्या आकाराचे यूव्हीबी बल्ब पुरत नाहीत. पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीची १० ते १२ टक्के यूव्हीबीची टी५ एचओ (बारीक, जास्त ताकदीची) ट्यूब, रिफ्लेक्टरसह, हॅलोजनच्या शेजारीच बसवा. ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी मिळायला हवी. पेटीवरची जाळी बरीचशी यूव्हीबी अडवते, काच तर जवळजवळ सगळीच. म्हणून खिडकीतलं ऊन चालत नाही. यूव्हीबीविना ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. ट्यूब दिसायला पेटती असली तरी वर्षाने बदला.

दिवे १२ तास. रात्री पूर्ण अंधार, लाल बल्बही नको. खोली १८ अंशांखाली गेली तरच उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा, तोही थर्मोस्टॅटवर. गरम होणारे कृत्रिम दगड मात्र घेऊच नका, पोट भाजतं.