देवघरातला बसऱ्याचा स्वार

नागपूरच्या महाल भागातल्या आत्याच्या घरी, देवघरात टाकांच्या रांगेत एक तांबूस गोल तुकडा असतो. त्यावर घोडेस्वार, हातात आखूड तलवार. आजीने त्याला खंडोबा समजून जन्मभर हळदकुंकू वाहिलं. यंदा डिसेंबरात पुण्याहून नागपूरला गेलो तो या तुकड्यासाठीच. पणजोबा "बसऱ्याले", म्हणजे आजच्या इराकातल्या बसरा बंदराला, "गेले होते", यापलीकडे घरात कुणी काही सांगत नाही.

आत्याची परवानगी घेऊन तो चिंचेने घासला. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, स्वाराच्या बाजूला 1914 आणि 1918. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश पदक! लढणाऱ्या शिपायांना ते चांदीचं मिळे. मजूर, पाणके, खलाशी यांना ब्राँझचं. आमचं ब्राँझचं. पणजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत, नागपुरातच मोतीबागेला खलाशी, म्हणजे रेल्वेचे मदतनीस कामगार होते. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, नाव आणि 'रेल्वे'. आडनाव नाहीच. मी मात्र इतकी वर्षं जुने कागद आडनावानेच धुंडाळत होतो.

मग ट्रंकेतला घडीवर फाटलेला कागद पुन्हा उघडला. जून 1916 ला भरती, 1919 ला सुटका, कामाचं ठिकाण शेख साद. हे गाव तैग्रिस नदीकाठी. 29 एप्रिल 1916 ला ब्रिटिशांच्या हातचं कूत शहर तुर्कांकडे गेलं होतं आणि पुढच्या फौजेला रसद पुरवायला नदीतल्या बोटी पुऱ्या पडत नव्हत्या. म्हणून शेख सादपासून सिन्नकडे अडीच फुटी रूळ टाकले. उन्हाळ्यात, त्या वाळवंटात. 11 मार्च 1917 ला ब्रिटिशांनी बगदाद घेतलं, त्याआधीची बरीच ओझी या रुळांनी वाहिली.

अडीच फूट! सातपुड्यातल्या आपल्या छोट्या गाडीचं मापही तेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कडबी चौक गाठला. मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात इंजिनं आणि डबे जपून ठेवले आहेत. इंजिनांपेक्षा मला त्यांच्याखालचे रूळच पाहायचे होते. वाकून वितीने मोजलं, साडेतीन विती भरल्या. थंडीतही लोखंड हाताला चटका देईल इतकं गार होतं. जूनमध्ये, तिकडे, ते कसं लागत असेल? इथे ज्या रुळांवर हात बसला, तोच हात घेऊन माणूस समुद्रापार गेला आणि तीन वर्षांनी याच मापाच्या कामावर परत आला. तिथे कुणी त्याला आडनाव विचारलं नाही, याचा राग मला त्या रुळांपाशी उभा असताना आला.

संध्याकाळी आत्याला सगळं सांगितलं. तिला आता नीट दिसत नाही. तिचं बोट धरून पदकाच्या कडेवरून फिरवलं. नावाच्या पहिल्या अक्षरापाशी ती थांबली.

"हे आबांचं नाव होय रे?"

"हो, आत्या."

तिने पदक पदराने पुसलं आणि परत टाकांच्या रांगेत, होतं तिथेच ठेवलं.