पैठणीचं वय कमी करण्याचा खटाटोप

कुरिअरच्या फॉर्मवर ‘ॲन्टिक’ हा शब्द चुकूनही लिहू नका. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. त्या एका शब्दापायी माझे दोन महिने आणि सहा खेपा गेल्या.

मला जुन्या कपड्यांचा नाद आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक भिशी लावतात, मी ट्रंका भरल्या. खणाच्या चोळ्या, दोन बाराबंद्या, एक अंगरखा, इरकली लुगडी, सोवळ्याचे मुकटे, एक चंद्रकळा. विकत घेतलेलं फार थोडं. कुणी माळा आवरायला काढला की मला फोन येतो, आणि बोहारणीच्या आधी मी पोचले तर वस्तू वाचते. जरीच्या साड्यांचं तर फारच वाईट झालं. आमच्या लहानपणी ‘जुनी जर आहे का, जर’ म्हणत माणसं दारावर यायची. साडी जाळून चांदी काढायची, ती वजनावर. माझ्या आईने दोन शालू असेच दिले, आणि वर चांगला भाव आला म्हणून खूश होती.

त्यातून वाचलेली आमच्या घरची एक पैठणी आहे. आजेसासूबाईंची. नऊवारी, गडद गुलाबी अंग, नारळी काठ, पदर जरीने भरलेला. आमच्या आतेसासूबाईंच्या मते ती पेशवाईतली. हे त्या इतक्या वर्षांपासून आणि इतक्या ठामपणे सांगत आल्या आहेत, की लग्नकार्यात पाहुणेसुद्धा ‘ती पेशवाईतली काढली का?’ असं विचारतात.

माझ्या धाकट्या पुतणीचं लग्न टोरांटोत ठरलं. तिचा फोन आला, “काकू, मला पणजीची पैठणी नेसायचीय.” मला जाणं जमणार नव्हतं, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. म्हटलं, पाठवते.

मलमलमध्ये गुंडाळून, खोक्यात घालून मी कुरिअरच्या काउंटरवर गेले. फॉर्मवर ‘वस्तूचं वर्णन’ असा एक रकाना होता. आता सरळ ‘साडी’ लिहून मोकळं व्हावं की नाही? पण मी ऐटीत लिहिलं, ‘ॲन्टिक सिल्क साडी, १०० वर्षं जुनी’. शंभर का, तर पेशवाई लिहायला माझंच मन धजेना आणि शंभर हा आकडा भारदस्त वाटला.

काउंटरवरच्या मुलाने वाचलं, मान वर केली आणि म्हणाला, “मॅडम, हे जाणार नाही.”

कायद्याने त्याचं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. पुरावस्तूंबद्दलचा १९७२ चा कायदा आहे, १९७६ पासून लागू. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल, तर ती पुरावस्तू नाही असा दाखला पुरातत्त्व खातं देतं. म्हणजे इतकी वर्षं जिचं वय सगळं घर वाढवत आलं, तिचं वय आता मला कमी करून दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म भरला. नुसतं ‘जुनी साडी’. त्याच मुलाने माझा फोन नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. कालची नोंद तिथे लाल अक्षरांत बसली होती. “सिस्टीममध्ये पडलंय मॅडम. आता काढता येत नाही.” मी म्हटलं, चूक माझी होती, मी लिहून देते. “लिहून दिलं तरी सिस्टीम घेत नाही.” मी तेहतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसले आहे. हेच वाक्य मी स्वतः किती जणांच्या तोंडावर फेकलं असेल, देव जाणे. बाहेरच्या बाजूने ते किती लागतं ते त्या दिवशी कळलं.

घरी येऊन पुरावे गोळा करायला बसले.

पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. कृत्रिम रंग आले त्याच्या कितीतरी नंतर. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला कोळशाच्या डांबरातून पहिला जांभळा सापडला १८५६ मध्ये, आणि पाठोपाठ दोन-तीन वर्षांत मजेंटा. आमच्या पैठणीचा गुलाबी त्या मजेंटाच्या जातीचा दिसतो. नुसत्या डोळ्यांनी रंग ओळखून साल ठरवू नये. लाखेचेही सुंदर गुलाबी असत, त्यामुळे ही खूण अर्धीच धरायची. पण आतल्या निरीला ओलसर पांढरा कपडा टेकवला तर तो गुलाबी झाला. पेशवाईचा दावा तिथे माझ्यापुरता डळमळीत झाला. (ही ओल्या कपड्याची चाचणी पदरावर करू नका. दिसणार नाही अशा कोपऱ्यात, आणि बोटभरच.)

जरीसाठी ओळखीच्या सराफाकडे गेले. काठाच्या उलट बाजूला सुटलेला दोन इंचाचा एक धागा मी कापून नेला होता. त्याने तो चिमट्यात धरून ज्योतीवर धरला. आधी केस जळल्यासारखा वास आला, म्हणजे आत रेशीम. मग काळी राख झटकली, तर मागे एक बारीक वळणावळणाची तार उरली, स्प्रिंगसारखी. त्याने ती कसोटीवर घासली आणि म्हणाला, “चांदी आहे ताई. वर सोन्याचं पाणी.” प्लास्टिकची जर असती तर वितळून गोळी झाली असती, तांब्याची असती तर तार लालसर निघाली असती. अस्सल जर आज कुणी हौसेने विणून घेतं, तेव्हा यावरून साल निघत नाही. एवढंच कळतं की आतेसासूबाई अगदीच हवेत बोलत नव्हत्या.

खरा पुरावा ट्रंकेच्या तळाशी होता. जरीच्या टोपीत खोचलेली एक चिठ्ठी, मोडीत. मोडीचा वर्ग मी केलाय, पण दुकानदारांचा हात मला वाचता येत नाही. आमच्या मोडीच्या सरांकडे नेली. त्यांनी भिंगाखाली धरली आणि बोट ठेवून वाचलं, ‘पैठणी १, रंग गुलाबी’, खाली आजेसासऱ्यांचं नाव आणि ‘वैशाख शके १८५५’. शकात ७८ मिळवले की वैशाखापुरतं इसवी सन येतं. १९३३. आजेसासूबाईंचं लग्न त्याच साली झालं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं, पण दोन आणि दोन चार कुणी केले नव्हते. किमतीचा कोपरा मात्र कसरीने खाल्ला होता. फक्त ‘आणे’ एवढं शिल्लक.

तर पैठणी नव्वदीतली. शंभरीच्या आत. मी इतक्या आनंदाने परत काउंटरवर गेले, की वाटेत रिक्षावाल्यालाही सांगितलं.

मुलाने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. “हे कुठल्या भाषेत आहे?” मराठी, मी म्हटलं. “हे मराठी नाहीये मॅडम.” मी मोडी समजावून सांगायला लागले, मागे रांग वाढली. शेवटी तो म्हणाला, इंग्रजीत भाषांतर आणा, सही-शिक्क्याचं. आणलं. त्यात चार दिवस गेले. मग म्हणाला, ही चिठ्ठी याच साडीची कशावरून? हा प्रश्न रास्त होता, पण त्या क्षणी मला तो ऐकवेना. मी आजेसासूबाईंचा लग्नातला फोटो पुढे केला. त्यात पदराची कोयरी स्पष्ट दिसते. तो म्हणाला, “फोटो काळा-पांढरा आहे. रंग कसा कळणार?”

एवढ्यात त्याने खोकं उघडायला सांगितलं. तपासणी असते म्हणे. मी मलमल सोडली, तर त्याने हातातल्या बॉलपेनच्या टोकाने पदराची घडी उचकटली. टोक उघडं होतं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने शेजारच्या टपरीवरचा माणूस आत डोकावला. शाई लागली नाही, देवाची कृपा. पण घाबरून मी दुसरी चूक केली. म्हटलं, “अहो, अस्सल चांदीची जर आहे ती!” मुलाने पेन खाली ठेवलं. “चांदी? मग तर अजिबातच नाही. मौल्यवान धातू आम्ही घेत नाही.”

म्हणजे आधी वयाची फुशारकी नडली, आता चांदीची. त्या दिवशी घरी येऊन मी कुणाशी बोलले नाही.

पुरातत्त्व खात्याच्या दाखल्याचं काम मात्र सरळ झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अर्ज, फोटो, ठरल्या दिवशी साडी स्वतः घेऊन जायचं. तिथल्या बाईंनी भिंगातून जर बघितली, चिठ्ठीवरची ओळ स्वतः मोडीत वाचली आणि “छान जपलीत हो” म्हणाल्या. मला रडूच आलं. आधीच त्यांच्याकडे जायला हवं होतं.

जपण्यावरून आठवलं. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. वेखंडाची आणि कडुनिंबाच्या सुक्या पाल्याची पुरचुंडी चालते, तीही कपड्यात नको, ट्रंकेच्या कोपऱ्यात. अत्तर फवारून जर काळी पडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. प्लास्टिकची पिशवी नको, वर्तमानपत्रही नको. धुतलेली पांढरी मलमल बरी. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर रेशीम घडीवरच कापतं. हँगरवर तर कधीच नाही, पदराच्या वजनानेच ती फाटते.

आणि साल ठरवताना कापड वेगळं धरा, शिलाई वेगळी. माझ्याकडे एक खणाचं पोलकं होतं. खण जुना, नैसर्गिक रंगाचा, मी सगळ्यांना सांगत सुटले की दीडशे वर्षांचं आहे. एका मैत्रिणीने पुढचं टिचबटण दाखवलं. टिचबटणाचा जन्मच १८८५ मधला, जर्मनीतला. नंतर बाही उलटली तर शिवण नायलॉनच्या दोऱ्याची, म्हणजे १९४० च्याही पुढची. जुना खण सांभाळून ठेवून कुणीतरी खूप नंतर शिवला होता. अशा वेळी त्या कपड्यातली सगळ्यात नवी मूळ वस्तू शोधायची, कपडा तिच्याहून जुना असूच शकत नाही. फक्त ती वस्तू मागाहून केलेल्या दुरुस्तीची नाही ना, एवढं बघायचं. मिलच्या कापडाला शिक्का असेल तर तो आधी वाचा. लांबी वारात छापलेली असेल तर ते बहुधा मीटर यायच्या आधीचं. मेट्रिक मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. पावतीवर नये पैसे असतील तर १९५७ ची किंवा त्यानंतरची. आणि कुणाच्याही आतेसासूबाईंना पुराव्यात धरू नका.

खरी जुनी वस्त्रं डोळ्यांत भरून ठेवायची तर पुण्यात केळकर संग्रहालय आहे, अहमदाबादला कॅलिको वस्त्रसंग्रहालय आहे. काचेआडून का होईना, शिवण बघायची सवय लागते. मी तिथे दागिन्यांकडे ढुंकूनही बघत नाही, नुसते बंद आणि काज मोजत बसते.

दाखला घेऊन सहाव्या खेपेला गेले. तोच मुलगा. दाखला त्याने दोनदा वाचला. मग चांदीचं काय, म्हणून वरच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी पलीकडून काय सांगितलं ते मला अर्धवट ऐकू आलं, “जर म्हणजे कापडच ना रे!” फोन ठेवून त्याने नवा फॉर्म काढला. मी पेन उचललं, तसं त्याने हळूच ते माझ्या हातातून काढून घेतलं.

“मॅडम, वर्णन मी लिहितो.”

किंमतीच्या रकान्यावर आम्ही आणखी दहा मिनिटं अडलो. शून्य सिस्टीम घेईना, आणि खरी किंमत मला ठाऊक नव्हती, कारण ती कसरीने खाल्लेली. शेवटी काहीतरी बेताचा आकडा पडला. खोक्यावर चिकटपट्टी लावताना मात्र मी दोन्ही हात मध्ये घालून उभी राहिले. “आत मलमल आहे, तरीही हळू.” त्याने खरंच हळू लावली.

पैठणी नवव्या दिवशी पोचली. पुतणीने नेसून फोटो पाठवला, नऊवारी, नथीसकट, पदर अगदी तिच्या पणजीसारखा घेतलेला. फोटो मी आतेसासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “बघ, पेशवाईतली आहे म्हणून असं तेज आहे. नाहीतर हल्लीच्या साड्या.” मी हो म्हटलं.

कुरिअरची पावती मी त्यांच्यापासून लपवून ठेवली आहे. तिच्यावर लिहिलंय, ‘वापरलेले लेडीज कपडे, १ नग’.