ऋणको : महाराष्ट्र शासन

जप्तीचं वॉरंट हातात पडलं की बेलिफ, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने जप्ती करणारा माणूस, आधी ऋणकोचं, म्हणजे पैसे देणं लागणाऱ्याचं, नाव आणि गाव वाचतो, रक्कम नंतर. दारात भांडण होणार, की आत रडारड, की घराला कुलूप असणार, याचा निम्मा अंदाज तिथेच येतो. 2014 च्या मार्चमध्ये नाझरसाहेबांनी, म्हणजे कोर्टातल्या आम्हा बेलिफांच्या वरिष्ठांनी, माझ्याकडे दिलेल्या वॉरंटावर नाव होतं महाराष्ट्र शासन, तर्फे जिल्हाधिकारी. क्रमांक दोनला एक कार्यकारी अभियंता. मराठवाड्यातलं कार्यालय, एवढंच सांगतो.

दरखास्तदार, म्हणजे वसुलीसाठी कोर्टात अर्ज केलेले, सत्तरीतले शेतकरी, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. त्यांची जमीन 1994 साली पाझर तलावात गेली. सरकारने लावलेला भाव त्यांना पटला नाही. 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम 18 खाली प्रकरण कोर्टात आलं आणि कोर्टाने मोबदला वाढवून दिला. वाढीव रक्कम, जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची दिलासा रक्कम, सगळं धरून 1 लाख 20 हजार. त्यावर ताबा गेल्यापासून पहिल्या वर्षाला 9 टक्के आणि पुढे पैसे हातात पडेपर्यंत 15 टक्के व्याज. मार्चमध्ये वॉरंटावर आकडा होता 4 लाख 72 हजार 800. म्हणजे मुद्दलाच्या जवळपास तिप्पट नुसतं व्याज.

सरकारवर हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल, झाला की तीन महिने थांबावं लागतं, मगच जप्ती मागता येते. इथे तीन महिने कधीच उलटून गेले होते.

साध्या माणसाच्या घरी जप्तीला जाणं वेगळं. सूर्य मावळला की आम्ही घरात पाऊल टाकू शकत नाही. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं यांना हात लावायचा नाही, दिवाणी संहितेचं कलम 60 तसं सांगतं. सावकाराचा माणूस सोबत असला की तो नेमका शिवणयंत्राकडे बोट दाखवतो आणि मला त्याच्याशी वाद घालावा लागतो. आणि गंमत म्हणजे ज्याच्या घरी जप्तीला गेलो तोच "साहेब, पाणी घ्या" म्हणतो. त्या कार्यालयात मला दीड तास बसायला कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही. उभ्याउभ्याच मी तिथल्या खुर्च्या मोजल्या.

साहेब नव्हते. निवडणूक जाहीर झालेली, त्यात गारपिटीचे पंचनामे. बहुतेक खुर्च्या खरोखरच रिकाम्या होत्या, खोटं कशाला बोलू. हेडक्लार्कबाईंनी वॉरंट वाचलं, परत दिलं आणि म्हणाल्या, "अपील केलंय औरंगाबाद खंडपीठात."

"स्थगितीचा आदेश आहे?"

"अपील केलंय ना."

अपील दाखल झालं म्हणून जप्ती थांबत नाही, वरच्या कोर्टाने थांबवली तरच थांबते. हे मी त्यांना सांगितलं, आप्पांच्या वकिलांनी सांगितलं, मग बाईंनी कुणाला तरी फोन लावला आणि तेच पुन्हा आम्हाला सांगितलं. निधीची मागणी केलीय, प्रस्ताव वर गेलाय, मुदत द्या, तसं पत्र देतो. वकिलांनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. त्याच कार्यालयाचं, त्याच मजकुराचं, आधीच्या जप्तीच्या वेळचं पत्र. खाली तारीख तेवढी जुनी.

आप्पा भिंतीला टेकून खाली बसले होते. गारांनी गहू झोडपला होता, हरभऱ्याचं तर नाव नको. त्यांच्या मुलाने टेम्पो आणि दोन हमाल आणले होते, त्यांचा खर्चही आधी दरखास्तदारालाच करावा लागतो. वाट बघता बघता आप्पा मला म्हणाले, "बेलिफसाहेब, वकील सांगत होते रोजचं पन्नास रुपये व्याज चढतंय. आजचं झालं का?"

मी हिशेब केला. बरोबर होता. 1 लाख 20 हजारांवर वर्षाला 18 हजार, दिवसाला पन्नासला थोडे कमी. हे पन्नास रुपये त्या कार्यालयात कुणाच्याच पगारातून कापले जात नाहीत, म्हणून ते कुणाला दिसतही नाहीत. एखादा शिंपी किंवा छोटा दुकानदार असता तर पहिल्याच वर्षी धावत आला असता.

रक्कम भरता का, असं शेवटचं विचारलं, उत्तर लिहून घेतलं आणि पंचांना हाक मारली.

आधी गाडी बघितली. बाहेर पांढरी जीप, काचेवर "महाराष्ट्र शासन". आप्पांचा मुलगा खूश झाला. मी पुढे जाऊन नंबरप्लेट बघितली तर पिवळी. ठेकेदाराची भाड्याची गाडी. शासनाची पाटी लावली म्हणून ती शासनाची होत नाही, सोडून दिली. बांधकामांच्या मोजमाप पुस्तकांची कपाटं सोडली, पगारबिलांचा संगणक सोडला. उद्या पगार अडला तर पहिली बोंब शिपायाच्या घरी. यावर वकिलांनी तोंड वाकडं केलं, करू दे.

मग साहेबांची केबिन. फिरती खुर्ची, पाठीला पांढरा टर्किश टॉवेल. हमालाने खुर्ची उचलली तसा शिपाईमामा पुढे आला. "साहेब, टॉवेल माझा आहे. घरून आणतो मी." मी पंचांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मामांनी टॉवेलची नीट चौघडी केली आणि काखेत धरून उभे राहिले.

पंचनाम्यात मी प्रत्येक वस्तूची अवस्था लिहितो. सहकारी हसायचे, निम्मा वेळ त्यात जातो म्हणून. फिरती खुर्ची, काळी, उजवा हात मोडका, सुतळीने बांधलेला. लाकडी खुर्च्या चौदा, पैकी दोन डुगडुगत्या. कूलर, पाण्याची टाकी गंजलेली. झेरॉक्स मशीन, चालू. सगळ्याची किंमत पंचांनी कशीबशी 38 हजार धरली, मला तीही जास्तच वाटली. हेडक्लार्कबाईंनी सही करायला नकार दिला, तेही लिहिलं. मग त्या जाताना हळूच म्हणाल्या, "माझ्या वडिलांचीही जमीन गेलीय हो कॅनॉलमध्ये."

टेम्पो निघताना बाहेर पानटपरीवरची माणसं, दोन पत्रकार, फोटो. दुसऱ्या दिवशी पेपरात "खुर्ची जप्त" म्हणून छापून आलं. 38 हजारांच्या लाकडाने पावणेपाच लाख वसूल होत नाहीत हे वकिलांना ठाऊक होतं, मलाही. बातमीने मात्र काम केलं. 31 मार्चच्या आत कोर्टात धनादेश जमा झाला. निधी नाही म्हणणाऱ्यांकडे तो कुठून आला, हे विचारायचं काम बेलिफाचं नाही.

सामान परत न्यायला त्यांचा माणूस यादी घेऊन आला. एकेक वस्तू तपासली आणि म्हणाला, "साहेबांच्या खुर्चीचा हात तुमच्याकडे मोडलाय, तसं लिहून द्या." मी पंचनाम्याची नक्कल पुढे केली. त्याने सुतळीची ओळ दोनदा वाचली आणि सही करून सामान नेलं.

आप्पांना पैसे मिळाले, पण जमा करणाऱ्यांनी व्याज हुकूमनाम्याच्या तारखेपर्यंतचंच धरलं होतं. फरकासाठी वकिलांनी नवा हिशेब लावून पुन्हा दरखास्त टाकली. माझी बदली झाली तेव्हा ती बोर्डावर, म्हणजे कोर्टातल्या सुनावणीच्या यादीत, होती, आणि ऋणकोच्या रकान्यात तीच दोन नावं.