स्पूल 14: हम बरोबर 50 वर, सूर मात्र अर्ध्या पट्टीने वर

मंडळी, जुन्या मैफलींच्या ज्या फिती आपण डिजिटल करतोय, त्यातल्या स्पूल 14 चा वेग मागच्या नोंदीत ‘पक्का’ म्हणून शिक्का मारला होता. तो शिक्का पुसावा लागतोय. लेबलवर ‘मन्सूर, नट बिहाग’ असं गायक आणि राग एवढंच आहे, ना साल ना गाव. आवाज ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूरांचाच, त्यावर इथे कुणाचं दुमत नाही. वाद होता तो काळाचा. आवाज तरुण लागतो म्हणून काहींनी ही मैफल बरीच मागे नेली होती. आता दिसतंय ते असं, की तरुणपणा आवाजात नाही, फितीच्या वेगात आहे.

आधी चूक कुठे झाली ते. फीत साधी 1200 फुटी, सात इंची स्पूल, हाफ ट्रॅक मोनो (दोन्ही बाजूंनी एकेक ट्रॅक), सेकंदाला 9.5 सेंटिमीटर वेगावर भरलेली. ट्रान्सफर, म्हणजे फितीची डिजिटल प्रत, रेव्हॉक्स बी77 टेपरेकॉर्डरवर, 96 किलोहर्ट्झ 24 बिट. बी77 च्या कॅप्स्टनचा (फीत ओढणाऱ्या दांड्याचा) वेग टॅकोमीटर सांभाळतो, तो भिंतीतल्या विजेच्या वारंवारतेवर अवलंबून नाही. 3150 हर्ट्झची टेस्ट फीतही जागेवर बसली, तेव्हा वाजवणाऱ्या मशीनचा दोष नाही. मग नेहमीची युक्ती वापरली: ध्वनिमुद्रणात घुसलेला विजेचा हम, म्हणजे विजेच्या वारंवारतेची गुणगुण, मोजायचा, तो 50 हर्ट्झवर नसेल तर वेग तेवढा सरकवायचा. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत हम 50.0 वर ठाम होता. यावरून वेग बरोबर ठरवला.

हम ठाम होता हाच तर इशारा होता. आपल्याकडची वीज त्या काळात 50 वर ठाम कधी असायची? संध्याकाळी भार चढला की वारंवारता 49 च्याही खाली जायची, आणि हे रोजचंच होतं. 2002 साली पश्चिम विभागात एबीटी (उपलब्धतेवर आधारित वीज) दरपद्धत आल्यावर ती आवरली. आज देशभर एकच ग्रीड आहे आणि पट्टा 49.90 ते 50.05 एवढा अरुंद. तेव्हाच्या मैफलीत तासभर काटेकोर 50 दिसणं शक्यच नाही.

तरी तो दिसतो, कारण ध्वनिमुद्रण करणाऱ्या मशीनची मोटर थेट विजेच्या तालावर फिरणारी होती. वीज 48.5 झाली की मोटर मंदावते आणि फीत तेवढीच हळू सरकते. त्याच वेळी हमही 48.5 चाच असतो. त्यामुळे फितीवर हमच्या एका लाटेची लांबी तीच राहते. आज ती फीत योग्य वेगाने वाजवली की हम 50 वर येऊन बसतो, वीज त्या रात्री काहीही असो. बाकी सगळं, म्हणजे गाणं, पेटी, तबला, मात्र 3 टक्के वर आणि 3 टक्के जलद. हम हा अशा मशीनच्या वेगाचा साक्षीदार होऊच शकत नाही. बॅटरीवरच्या पोर्टेबलची गोष्ट वेगळी. तिथे हम हलतो, पण त्यात विजेची चूक आणि मोटरची चूक मिसळलेली असते.

मग साक्षीदार कोण? तंबोरा नाही, कारण गायक सा कुठेही लावेल आणि तंबोरा त्याच्यामागे जाईल. तारा हवेनुसार उतरतात, मैफलीत पुन्हा लावल्याही जातात. उरते पेटी. पेटीचे सूर ठरलेल्या पट्ट्यांवर असतात आणि तासाभरात ते हलत नाहीत. भात्याच्या दाबाने दोन-चार सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) इकडेतिकडे होतात, तेवढं चालतं.

पेटी मोजण्याची पद्धत सविस्तर लिहितो, कारण यात घाई केली की आकडे फसवतात.

गायक श्वास घेतो आणि पेटी एकटी उरते असे दोन-तीन सेकंद शोधायचे. सम आल्यावर, मुखडा उचलण्याआधी, ते बहुधा मिळतात. सोनिक व्हिज्युअलायझर या सॉफ्टवेअरमध्ये ते तुकडे खुणेने बांधून ठेवायचे. मूळ सूर मोजायचा नाही, त्याचा आठवा स्वरांश (मूळ सुरासोबत त्याच्या आठपट वारंवारतेवर वाजणारा बारीक सूर) मोजायचा. 150 हर्ट्झच्या आसपास एक सेंट म्हणजे 0.09 हर्ट्झ. एवढ्या लहान तुकड्यात ते पकडता येत नाही. आठव्या स्वरांशावर तोच एक सेंट 0.7 हर्ट्झचा होतो आणि आलेखावर सहज दिसतो. पेटीच्या पात्याचे स्वरांश मूळ सुराच्या अगदी नेमक्या पटीत असतात, म्हणून आठाने भागलेलं उत्तर विश्वासाचं. सा आणि प एवढेच घ्यायचे. काही पेट्यांचे गंधार, धैवत गायकीसाठी मुद्दाम उतरवून लावलेले असतात, त्यांच्यावर मोजमाप बांधलं तर 10-14 सेंटची चूक फुकटात येते. खर्ज-नर अशी दुहेरी पेटी (एका सुराला सप्तकाच्या अंतरावरची दोन पाती) असेल तर काही स्वरांश जोडीने दिसतात. तिथे दर वेळी एकच शिखर धरायचं, मधेच शेजारच्यावर उडी मारायची नाही.

पहिल्या बाजूचा पहिला आकडा आला आणि डोकं धरायची पाळी आली. पेटीचा सा दोन पट्ट्यांच्या जवळजवळ मधोमध: खालच्या पट्टीपेक्षा 53 सेंट वर, वरच्या पट्टीपेक्षा 47 सेंट खाली. फीत जलद वाजतेय म्हणायचं की मंद? दोन्ही दुरुस्त्या सारख्याच पटतात. एका दुरुस्तीने मन्सूर एका पट्टीत गातात, दुसरीने पुढच्या पट्टीत. प्रकाशित ध्वनिमुद्रणांशी आवाज ताडून बघण्याने निकाल लागत नाही, कारण गायक वयानुसार आणि दिवसानुसार पट्टी बदलतो. शिवाय पेटी 440 हर्ट्झ या प्रमाण सुरावरच लावली होती हेही गृहीतच. जुन्या फ्रेंच पात्यांच्या पेट्या 435 च्याही असतात, म्हणजे आणखी 20 सेंटचा संशय.

कोंडी सुटली ती एका ठिकाणी मोजून थांबायचं नाही असं ठरवल्यावर. पूर्ण बाजूवर 23 ठिकाणी मोजलं. सुरुवातीला +53, सहाव्या मिनिटापर्यंत तसंच. अकराव्या मिनिटाला अर्ध्या मिनिटाच्या आत +44. मग हळूहळू +40. अठ्ठाविसाव्या मिनिटाला पुन्हा चढून +46, तिथून उतरत उतरत बासष्टाव्या मिनिटाला +31. आणि हा सगळा वेळ हम 50.0 वरून हललेला नाही. फीत घसरत असती किंवा स्पूल भरत जाताना ताण बदलून वेग बदलला असता, तर हमही सोबत हलला असता, आणि बदल सरळ एका दिशेने झाला असता. इथे पायऱ्या आहेत, उलटा चढ आहे. हे भाराचं वागणं आहे. त्या रात्रीच्या विजेची वारंवारता पेटीच्या सुरात उमटलीय.

दिशाही यातूनच ठरते. रात्र चढते, दुकानं-घरं बंद होतात, भार उतरतो, वारंवारता वर येते. +53 म्हणजे 48.5 हर्ट्झ, +31 म्हणजे 49.1. संध्याकाळी 48.5 आणि तासाभरात 49.1, हे त्या काळच्या ग्रीडला धरून आहे. उलट बाजू मानली तर वीज 51.4 वर सुरू होऊन 52 कडे गेली म्हणावं लागेल, तेही ऐन भाराच्या वेळी. ते नाही. फीत जलद वाजतेय, दुरुस्ती खालच्या दिशेने. शेवटची गाठ दुसऱ्या बाजूने बांधली: मध्यंतरानंतरची ती बाजू +9 वर सुरू होते आणि +7 वर येऊन शेवटपर्यंत तिथेच राहते. हे 7 सेंट विजेचे की पेटीच्या लावण्याचे, ते फितीवरून कळण्यासारखं नाही. म्हणून दुसरी बाजू जशीच्या तशी ठेवली आणि पहिली बाजू तिच्या पातळीवर आणली.

लयीचा वादही इथेच मिटतो. नट बिहागाच्या उत्तरार्धात ‘ठेका बसतो’, म्हणजे लय मंदावते, असं इथे दोघा-तिघांनी लिहिलं होतं. सुरुवात 3 टक्क्यांनी जलद, शेवट पावणेदोन टक्क्यांनी. बसल्यासारखी वाटते ती लय विजेने बसवलेली आहे. तबलजीवरचा तो ठपका काढून टाकू या.

दुरुस्ती रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. प्लेरेटचा (वाजवण्याच्या वेगाचा) आलेख, ‘सूर कायम ठेवा’ हा पर्याय बंद. सुरुवातीला 0.974, शेवटी 0.986, मध्ये 23 बिंदू. बिंदूंमध्ये सरळ रेषा ठेवायची, खडी पायरी नको, कारण वारंवारता बदलते तीही काही सेकंद घेऊन. अकराव्या मिनिटाच्या उतारासाठी 20 सेकंद दिले. दुरुस्तीनंतर हम 48.7 वर सुरू होऊन 49.3 वर संपतो. आधीच्या हिशेबाने ही फीत बिघडली म्हटलं असतं.

याचा एक उपयोगी परिणाम: हम काढायचा तो दुरुस्तीच्या आधी. कच्च्या ट्रान्सफरमध्ये तो 50, 100, 150 वर खिळ्यासारखा ठोकलेला आहे, त्यामुळे अगदी अरुंद नॉच (तेवढीच वारंवारता कापणारा फिल्टर) पुरतो आणि खर्जाच्या तंबोऱ्याला धक्का लागत नाही. वेग आधी दुरुस्त केला तर हम सरकता होतो आणि रुंद फिल्टर लावून तबल्याच्या डग्ग्याची घुमारी घालवून बसतो. मूळ ट्रान्सफर मात्र हात न लावता वेगळं ठेवलंय, सोबत 23 बिंदूंची साधी टेक्स्ट फाइल. उद्या कुणाला चांगली पद्धत सापडली तर मोजणी पुन्हा करायला नको.

वॉव-फ्लटर (फितीच्या वेगातली थरथर) काढणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरबद्दल विचारणा होती. पियानो, ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी ती असतील चांगली. ख्याल गायकीत मींड आणि आंदोलन यांनाच ती वेगातला दोष समजण्याचा धोका आहे, आणि मन्सूरांच्या गाण्यात सूर सतत एका जागेवरून दुसरीकडे वाहतो. हाताने 23 बिंदू लावायला दोन संध्याकाळी जातात, त्या द्याव्यात.

बाकीचं थोडक्यात. दोन जुने जोड सुटले होते, त्यांचा गोंद शेजारच्या वेढ्यांना लागला होता. 99 टक्के आयसोप्रोपिलने पुसून 45 अंशात पुन्हा जोडले. औषधाच्या दुकानातलं 70 टक्क्यांचं घेऊ नका, उरलेलं बहुतेक पाणी असतं. आणि रबरी रोलरला ते लावूच नका, तिथे सौम्य साबणाचं पाणी. फीत ॲसिटेटची आहे: स्पूल उजेडासमोर धरला की आरपार उजेड दिसतो. अशी फीत चिकट वाटली तरी भाजायची नाही. भाजणं हा सत्तरीनंतरच्या काही पॉलिस्टर फितींवरचा इलाज आहे.

ॲझिमथ, म्हणजे फितीशी हेडचा कोन, या फितीपुरता फिरवला आणि तबल्याच्या चाटीचा ‘ता’ पहिल्यांदा टोकदार ऐकू आला. नट बिहागातल्या एका तिहाईनंतर मन्सूर समेवर येतात तेव्हा चाट, पेटीचा सा आणि मागून कुणाची तरी दबक्या आवाजातली ‘क्या बात है’ हे तिन्ही आता वेगवेगळे ऐकू येतात. याआधी तिथे नुसता एक गठ्ठा होता. समेच्या किंचित आधी समेचीच पडछाया ऐकू येते, ती वेढ्यावेढ्यांमध्ये उमटलेली छाप. वाजवण्याआधी दोन-तीनदा पूर्ण गुंडाळली तर ती थोडी उतरते. ठेवताना फीत शेवटाकडून गुंडाळलेली ठेवा, म्हणजे ती छाप सुराच्या मागे पडते आणि झाकली जाते.

ही पद्धत सगळीकडे चालणार नाही हेही नोंदवतो. केसरबाई केरकरांच्या साथीला मजीद खाँची सारंगी, तिथे धरायला पेटीच नाही. आकाशवाणीवर 1940 ते 1971 पेटीला बंदी होती, त्यामुळे रेडिओवरून घरी टिपलेल्या त्या काळातल्या फितीही यातून बाद. कुमार गंधर्वांच्या ज्या मैफलींना गोविंदराव पटवर्धनांची पेटी आहे, तिथे मात्र भरपूर जागा मिळतील.

आता पुढचा बेत. खरं तर यानंतर स्पूल 15 ला हात घालायचा होता. पण आलेख काढताना स्पूल 9 सहज मोजून पाहिला, तोही हम 50 वर ठाम असलेला. त्याची दुसरी बाजू +58 वर संपते. म्हणजे 48.35 हर्ट्झ, आणि स्पूल 14 सुरू होतो 48.5 वर. स्पूल 9 आपण ‘वेगळं साल’ म्हणून बाजूला ठेवला होता, तोही आवाज तरुण म्हणूनच. एकाच संध्याकाळचे दोन भाग असू शकतात. वारंवारतेचा मेळ एवढ्यावर हे सिद्ध होत नाही. पेटी तीच आहे का ते आधी बघायचं. दुहेरी पेटीत खर्जाचा दुसरा स्वरांश आणि नराचा मूळ सूर यांच्यात हलका ठोका पडतो, म्हणजे आवाज ठरावीक गतीने कमी-जास्त होतो. तो ठोका प्रत्येक सुराला वेगळा आणि प्रत्येक पेटीचा स्वतःचा असतो. स्पूल 14 वर सा चा ठोका सेकंदाला 1.4 आहे, प चा 0.9. वेगाच्या 3 टक्क्यांनी त्यात फारसा फरक पडत नाही. स्पूल 9 वर पेटी एकटी वाजणाऱ्या चार जागा खुणा करून ठेवल्या आहेत, दोन सा च्या आणि दोन प च्या. स्पूल 15 थांबेल. ज्यांच्याकडे स्पूल 9 ची जुनी प्रत आहे त्यांनी दुसऱ्या बाजूच्या चाळिसाव्या मिनिटापुढचा सा तेवढा मोजून ठेवावा, मूळ ट्रान्सफरवर, हम न काढता.