तुम्ही विचारलंत म्हणून: पर्ल जॅमच का?

माझ्याकडे गिटार शिकायला येणारी मुलं दोन-तीन महिने झाले की हमखास विचारतात, आणि हल्ली त्यांना न्यायला येणारे आईवडीलही विचारू लागलेत: 'मॅडम, ग्रंज म्हणजे निर्वाणा ना? मग तुमच्या तोंडी सारखं पर्ल जॅमच कसं?' (ग्रंज म्हणजे अमेरिकेतल्या सिॲटल शहरातून पुढे आलेलं खरखरीत रॉक; निर्वाणा आणि पर्ल जॅम हे त्यातले दोन बँड.) पुढची बॅच दारात उभी असते, म्हणून मी काहीतरी थोडक्यात सांगून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

निर्वाणा मलाही मनापासून आवडतो. त्यांचं पहिलं गाणं हातात बसतं तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो मी दर वर्षी बघते. पण त्यांचा गायक कर्ट कोबेन एप्रिल 1994 मध्ये गेला, अवघ्या 27 व्या वर्षी, आणि तो बँड तिथेच थांबला. पर्ल जॅमच्या वाट्याला पुढची वर्षं आली. समोर हजारो माणसं उभी आहेत, आपल्या गाण्यासाठी आली आहेत, त्यांचं आपण काय देणं लागतो? हा प्रश्न त्यांनी जितका मनाला लावून घेतला, तितका दुसऱ्या कुठल्या रॉक बँडने घेतलेला मी पाहिला नाही. माझा जीव तिथे अडकलाय.

त्यांची सुरुवातच एका मरणानंतर झाली. सिॲटलमध्ये मदर लव्ह बोन नावाचा बँड होता. त्यांचा पहिला अल्बम बाजारात यायच्या तोंडावर, मार्च 1990 मध्ये, त्यांचा गायक अँड्र्यू वुड हेरॉइनपायी गेला. मागे राहिले गिटारवर स्टोन गोसार्ड आणि बेसवर जेफ अमेंट. काही महिन्यांनी त्यांनी माइक मॅकक्रेडीला सोबत घेऊन नुसत्याच चाली रेकॉर्ड केल्या, गायकाची जागा रिकामी ठेवून. ती कॅसेट जॅक आयर्न्स या ड्रमरच्या हातून सॅन डिएगोला एडी व्हेडर या गायकाकडे पोचली. व्हेडर तेव्हा रात्रपाळीची नोकरी करायचा. रात्री त्या चाली ऐकल्या, सकाळी समुद्रावर सर्फिंगला गेला आणि तिथेच त्याला शब्द सुचले. घरी येऊन त्याने तीन गाणी त्या चालींवर म्हटली आणि कॅसेट परत सिॲटलला धाडली.

त्या तिनातलं एक 'अलाइव्ह'. व्हेडर ज्यांना वडील समजत वाढला ते सावत्र वडील होते. खरे वडील वेगळेच होते आणि ते आता हयात नाहीत, हे त्याला वयात येताना कळलं. त्या धक्क्यातून हे गाणं आलं. गाण्यातल्या मुलाला आपण जिवंत आहोत हेच ओझं वाटतं, शापासारखं. मॅकक्रेडीचा गिटारवरचा सोलो सगळ्यांना वाजवायचा असतो, शब्दांकडे कुणी बघत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. या गाण्याकडे मी परत येणार आहे.

ऑक्टोबर 1990 मध्ये, व्हेडर सिॲटलला येऊन जेमतेम आठवडा झाला असताना, त्यांनी पहिला कार्यक्रम केला. तेव्हा बँडला मूकी ब्लेलॉक या बास्केटबॉल खेळाडूचं नाव दिलं होतं. नाव पुढे बदलून पर्ल जॅम झालं, पण त्याच्या जर्सीचा नंबर पहिल्या अल्बमला मिळाला: 'टेन', ऑगस्ट 1991. एकट्या अमेरिकेत तो एक कोटीहून जास्त खपला. दुसरा, 'व्हर्सेस', 1993 मध्ये पहिल्या पाच दिवसांत साडेनऊ लाखांच्या आसपास गेला. तोवरचा तो विक्रम होता.

आणि नेमकं तेव्हाच त्यांनी हात आखडता घेतला. कंपनी मागे लागली होती तरी 'टेन'मधलं 'ब्लॅक' हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे सुटं, काढू दिलं नाही. व्हिडिओ करणं बंद केलं, ते थेट 1998 पर्यंत. हे नखरे आहेत असं म्हणणारे तेव्हाही होते. पण तिकिटांचं भांडण बघा म्हणजे हा माज नव्हता हे कळेल.

त्यांचं म्हणणं साधं होतं. तिकीट 18 डॉलरचं ठेवायचं, त्यावरचा सेवा-आकार 10 टक्क्यांच्या आत, म्हणजे शाळा-कॉलेजातल्या मुलांना 20 डॉलरच्या आत कार्यक्रम बघता यावा. तिकिटं विकणारी टिकेटमास्टर कंपनी ऐकेना. मोठमोठ्या सभागृहांशी तिचे एकहाती करार होते, म्हणजे तिला टाळायचं तर सभागृहालाच मुकायचं. बँडने 1994 मध्ये न्याय खात्याकडे तक्रार केली आणि उन्हाळ्याचा दौरा सोडून दिला. 30 जूनला गोसार्ड आणि अमेंट वॉशिंग्टनला अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे साक्ष द्यायला बसले. इतर मोठे बँड सहानुभूती दाखवत होते, पण दौरे काही कुणी थांबवले नाहीत. पुढच्या वर्षी पर्ल जॅमने टिकेटमास्टर सोडून गावाबाहेरच्या मैदानांवर कार्यक्रम लावले. कुंपणापासून सगळं नव्याने उभं करायचं. तो दौरा कोलमडला. जुलै 1995 मध्ये न्याय खात्याने चौकशी बंद केली आणि 1998 पर्यंत बँड पुन्हा त्याच कंपनीची तिकिटं लावून गात होता. हरले ते, चक्क हरले. पण त्या 18 डॉलरसाठी आपल्या ऐन भरातली दोन वर्षं घालवली, हे मी विसरू शकत नाही.

मला ते भेटले ते याच दिवसांत. मामेभाऊ न्यू जर्सीहून आला होता, त्याने त्यांच्या तिसऱ्या अल्बमची, 'व्हायटॉलॉजी'ची, सीडी आणली. बॉक्स कसला, जुन्या पुस्तकासारखं पुठ्ठ्याचं बाड होतं. जुन्या काळच्या एका वैद्यकीय पुस्तकावरून त्यांनी नाव आणि रूप दोन्ही उचललं होतं. आमच्याकडे सीडी प्लेयरच नव्हता. दोन महिने मी ते पुस्तकच वाचत होते. हाताने लिहिलेली अक्षरं, टाइपरायटरचे ठसे, आरोग्याचे जुने सल्ले. शेवटी एका मैत्रिणीकडे नेऊन नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतली. गाणी ऐकण्याआधीच ती मला ओळखीची झाली होती.

बाबांना हे सगळं म्हणजे आरडाओरडा वाटायचा. एकदा मात्र ते दारात थांबले. 1995 च्या 'डेड मॅन वॉकिंग' या चित्रपटासाठी व्हेडर नुसरत फतेह अली खाँसाहेबांबरोबर गायलाय, ती कॅसेट लागली होती. बाबा येऊन खुर्चीवर बसले, बाजू संपेपर्यंत उठले नाहीत. मग म्हणाले, 'हा मुलगा खाँसाहेबांच्या आवाजात घुसत नाही गं. जागा सोडून गातो.' व्हेडरबद्दल इतकं नेमकं मी पुढे कुठेही वाचलं नाही.

आता ज्याबद्दल मला बोलणं जड जातं ते. 30 जून 2000. त्या साक्षीला बरोबर सहा वर्षं झाली होती. डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डे महोत्सवात पर्ल जॅम गात होतं. पाऊस, चिखल, आणि मागून पुढे रेटणारी प्रचंड गर्दी. पुढची माणसं पडली, ती दिसेनात. कळलं तसं गाणं थांबवून व्हेडरने सगळ्यांना मागे सरकायची विनंती केली. पण उशीर झाला होता. नऊ तरुण त्यात गेले. बँडने पुढचे युरोपातले कार्यक्रम रद्द केले. सगळं सोडून द्यावं का, इथपर्यंत त्यांची चर्चा गेली होती.

ऑगस्टमध्ये ते अमेरिकेत पुन्हा उभे राहिले. त्या वर्षीच्या दौऱ्याचे 72 कार्यक्रम त्यांनी स्वतःच रेकॉर्ड करून साध्या पुठ्ठ्याच्या पाकिटांत विकायला काढले. लोक चोरट्या, खरखरीत रेकॉर्डिंगला भारी पैसे मोजत होते, त्यापेक्षा चांगलं आणि स्वस्त आम्हीच देतो, असा हिशेब. दर रात्री गाण्यांची यादी वेगळी, म्हणून 72 घेणारेही निघाले.

पण त्या अमेरिकी दौऱ्यात 'अलाइव्ह' वाजत नव्हतं. नऊ जणांनंतर ते शब्द कसे म्हणायचे? 6 नोव्हेंबरला शेवटचा कार्यक्रम होता, घरी, सिॲटलला. त्या रात्री त्यांनी ते वाजवलं.

पुढे काही वर्षांनी व्हेडरने त्या गाण्याबद्दल सांगितलं, की मी ते शाप म्हणून लिहिलं होतं, पण समोरची माणसं हात वर करून, उड्या मारत ते आनंदाने गायला लागली. वर्षानुवर्षं ऐकता ऐकता माझ्यासाठी अर्थच बदलला. त्यांनी माझा शाप उतरवला.

सिॲटलच्या त्या रात्रीची सीडी माझ्याकडे आहे. तुमच्या मुलांना मी ती ऐकवते. सोलो सुरू झाला की त्यांचे हात आपोआप गिटारकडे जातात. मी त्यांना थांबवते. गिटार खाली ठेवा, म्हणते, आधी मागे लोक गातायत ते ऐका.