लाईट गेली तर

मंगळवार, रात्री

संध्याकाळी साडेपाचला गेलेली लाईट अजून आलेली नाही. मेणबत्तीशी बसून लिहितेय. मोबाईल एकोणतीस टक्क्यांवर आहे आणि तो उद्याच्या वर्गासाठी राखून ठेवलाय. कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यात जुलै म्हटला की हे असंच. जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं तर पावसाळ्यात लाईट पाहुण्यासारखी येते, चहा घेते आणि निघून जाते.

नव्या आलेल्या बाईंनी आज मधल्या सुट्टीत विचारलं, "बाई, तुमची ती वही देता काय वो दोन दिवस?" ती वही म्हणजे दोनशे पानी, तांबड्या पुठ्ठ्याची, एका कोपऱ्याला चहाचा डाग. दिली खरी, पण देताना लाज वाटली. त्यात माझे शब्द आहेत, बाण आहेत, खाडाखोड आहे. दुसऱ्यानं वाचावी म्हणून मी ती लिहिलीच नव्हती.

वही सुरू झाली ती एका ट्रेनिंगनंतर. वर्गात तंत्रज्ञान कसं वापरावं, असा विषय. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत, बोलणं कन्नडात, आणि आम्ही मराठी शाळांचे मास्तर-बाई मागच्या बाकांवर. चहा मात्र चांगला होता. परत येताना बसमध्ये हिशेब केला तर हाताला लागली होती अकरा अ‍ॅपची नावं. सत्तावीस पोरं, एक मोबाईल, एक जुना प्रोजेक्टर आणि पत्र्याच्या छपरावर ढोल बडवणारा पाऊस, एवढ्या भांडवलावर सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, हे कुणीच बोललं नव्हतं. त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: लाईट गेली तर.

हे पान पहिलं आलं याचा अजून आनंद होतो. कुठल्याही माहितीपुस्तकात हे शेवटी असतं, 'अडचणी व उपाय' अशा नावाखाली, आणि तिथपर्यंत कोणी पोचत नाही. माझ्या पानावर एवढंच आहे. जे दाखवायचं ते आदल्या रात्री मोबाईलमध्ये उतरवून घ्यायचं, शाळेत रेंजची वाट बघायची नाही. व्हिडिओतले चार क्षण स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, कारण चित्राला आवाज लागत नाही. आणि धो धो पाऊस असेल तर व्हिडिओचा नादच सोडायचा. ब्लूटूथचा स्पीकर कितीही मोठा असो, पत्र्यापुढं त्याचं काही चालत नाही. फळ्यावर यायचं आणि चित्र दाखवत आपण बोलायचं.

दुसरं पान दीक्षाचं. केंद्र सरकारचं हे ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ 2017 मध्ये सुरू झालं आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचे ते काळे-पांढरे चौकोन दिसायला लागले. आमच्या पोरांची पुस्तकं पावसात भिजतात, चौकोन फुगतो, मोबाईल काही केल्या तो ओळखत नाही. चौकोनापाशी सहा अक्षरी कोड छापलेला असतो, तो हातानं टाकला की तोच पाठ उघडतो. हे मला दीड वर्षानं कळलं. दीड वर्ष मी पुस्तक इस्त्री केल्यासारखं हातानं सपाट करत बसायचे! आणि उघडल्यावर आत काय निघतं ते आधी घरी बघायचंच. एकदा वर्गात उघडला तर व्हिडिओ कन्नडात. पोरं हसली, मीही हसले, आवाज बंद केला आणि मीच बोलत गेले. खरं सांगायचं तर तो तास बरा झाला.

आमच्याकडं कोड म्हटलं की सगळ्यांना पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड चिकटवणारे डिसले गुरुजी आठवतात. सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर, त्यातली निम्मी रक्कम बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकली. लोक तेवढंच सांगतात. मला त्यांच्या कामातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कोड चिकटवणं कोणालाही जमेल. त्या कोडमागं ठेवायच्या कविता, गोष्टी, प्रश्न त्यांनी आपल्या पोरांकडं बघून तयार केले होते.

मेणबत्ती संपत आली.

बुधवार

आज फजिती.

सातवीला प्लिकर्स नावाचं प्रश्नोत्तरांचं अ‍ॅप घेतलं. पोरांच्या हाती मोबाईल नसला तरी चालतं, म्हणून हे मला आवडतं. प्रत्येकाला कागदाचं एक कार्ड द्यायचं. त्यावर काळी नक्षी, प्रत्येकाची वेगळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपल्या उत्तराची बाजू वर करून धरायचं आणि बाईंनी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवायचा. कोणी काय उत्तर दिलं ते लगेच कळतं. कार्डावरची पर्यायांची अक्षरं इतकी बारीक असतात की शेजारच्याचं बघून उपयोग नाही. चाळीस कार्डांचा संच छापून मिळतो, आमच्या वर्गाला भरपूर.

मागच्या खेपेला कार्डं दमट होऊन मऊ पडली होती. म्हणून मी हुशारी केली. खानापूरला झेरॉक्सवाल्याकडं जाऊन सगळी लॅमिनेट करून आणली, स्वतःचे पैसे घालून. आज वर्गात ट्यूबलाईट लावली आणि निम्मी कार्डं आरशासारखी चमकायला लागली. मोबाईलला नक्षीच दिसेना. उरलेल्यांतल्या चौघांनी बोटं कोपऱ्यावर ठेवलेली, त्यांचीही उत्तरं गायब. प्रश्न साधा होता, अपूर्णांकाचा. एक मुलगा शेवटी म्हणाला, "बाई, हात वर करून सांगू काय?" सांग बाबा.

खिडक्या उघडल्या, ट्यूब बंद केली, पोरांना तिरकं बसवलं. मग चाललं. निकाल बघून मात्र गप्प झाले. तीन चतुर्थांश आणि दोन तृतीयांश यात मोठा कोणता, याला अकरा जणांनी दोन तृतीयांश म्हटलं होतं. हात वर करायला लावले असते तर सगळ्यांनी पहिल्या बाकावरच्या पोरीकडं बघून हात वर केले असते आणि मी पुढच्या धड्यावर गेले असते. उद्या पुन्हा भाकरी कापायची, कागदाची.

वही नव्या बाईंकडं आहे, म्हणून इथंच टिपून ठेवते: लॅमिनेशन नको. जाड कागद, चकाकी नसलेला. कार्ड खालून दोन्ही हातांनी धरायचं, कोपरे मोकळे.

गुरुवार

हेडमास्तर सकाळी पत्रक घेऊन आले. "बाई, मोबाईलवर जरा बगा की, ह्ये काय मागतायत." पत्रकं कन्नडात येतात. मला कन्नड बोलता येतं, पण सरकारी कन्नड वाचताना घाम फुटतो. मोबाईलचा कॅमेरा धरला की त्यावर मराठी उमटतं, हे त्यांना जादूसारखं वाटतं. मी मात्र तारीख, आकडे आणि गावांची नावं मूळ कागदावरून पुन्हा तपासते. हळ्ळी म्हणजे कन्नडात गाव; मागं एका गावाच्या नावातल्या हळ्ळीचं त्यानं नुसतं 'गाव' करून टाकलं होतं, आणि आम्ही ते कुठलं गाव म्हणून शोधत बसलो. शंका आली की कन्नडचे सर आहेतच. ते बैलहोंगलचे, कितीही घाईत असले तरी थांबून सांगतात.

पण आजची खरी गोष्ट दुपारची.

शाळेत चार संगणक आहेत, तीन चालतात. सहावीची पोरं टायपिंग शिकतायत. मी त्यांना इनस्क्रिप्टच शिकवते, म्हणजे आपल्या लिप्यांसाठीची कळफलकाची मांडणी. मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय मुलांना लागलीय आणि तिनं ऱ्हस्व-दीर्घाचं वाटोळं होतं, असं माझं मत आहे. (घरात हे मत कोणाला पटत नाही.) डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. 1986 मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ही मांडणी ठरवली, आणि ती एकट्या देवनागरीसाठी नाही. आपल्याकडच्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकाच क्रमाची, म्हणून त्या सगळ्यांना एकच मांडणी. हे मी कुठंतरी वाचलेलं, पण हातानं करून बघितलं नव्हतं.

आज 'मलप्रभा' लिहायला दिला होता. आमचीच नदी, कणकुंबीला उगम, असोग्याला पोरं सहलीला जातात. म साठी सी, ल साठी एन, प साठी एच, पाय मोडायला डी, र साठी जे, भ साठी शिफ्ट धरून वाय, काना म्हणजे ई. सात अक्षरं होईपर्यंत जिभा बाहेर. एका पोरीच्या हातून विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबले गेले आणि भाषा बदलली. तिला कळलंच नाही. तिनं मान खाली घालून तीच सात बटणं दाबली आणि वर बघितलं तर पडद्यावर कन्नडात मलप्रभा.

"बाई, कन्नडचा म पण हितंच हाय की!"

मग काय, तास गेलाच. क बघितला, तोही तिथंच. स्वतःची नावं, गावाचं नाव, बेळगाव, बेळगावी, खानापूर. ळ साठी शिफ्ट आणि एन, दोन्हीकडं. फरकही सापडले. कन्नडला ऱ्हस्व ए वेगळा आहे, त्याची मात्रा झेडवर. मराठीत त्या कळीचं काम पडत नाही. एकानं विचारलं, "मग आपल्याला का नाही?" मी म्हटलं, उद्या कन्नडच्या सरांना विचारू. सर आले, बघितलं, हसले. ते स्वतः नुडी या कन्नड सॉफ्टवेअरवर टाईप करतात, त्यांची बोटं त्याच वेगळ्या मांडणीत मुरलेली. "आमचं वय झालं वो बाई," म्हणाले, पण पोरीच्या मागं उभे राहून त्यांनी 'बैलहोंगल' लिहून घेतलंच. आधी त्यांच्या लिपीत, मग आपल्या.

या पोरांना कन्नडचं पुस्तक म्हणजे डोंगर वाटतो. आज अर्धा तास कोणी तसं म्हटलं नाही. उद्या पुन्हा म्हणतील.

शनिवार, सकाळची शाळा

वही परत आली. नव्या बाईंनी आत दोन पानं जास्त लिहिलीत, पेन्सिलीनं, खोडता यावं म्हणून. पोरांचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, त्यांनाच ऐकवायचं आणि पंधरा दिवसांनी तोच उतारा पुन्हा. 'स्वतःचा आवाज ऐकला की पूर्णविरामाला थांबतात' असं लिहिलंय. खाली आणखी एक ओळ: बोलून टाईप करताना आपली बोली मोबाईलला समजत नाही, तेव्हा काय उमटतं ते फळ्यावर लिहून वर्गालाच दुरुस्त करायला द्यावं. हे मला सुचायला हवं होतं. 'काय करायलैस' म्हटल्यावर माझ्या मोबाईलनं एकदा जे लिहिलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एका ठिकाणी मात्र त्यांच्याशी माझं पटलं नाही. पोरांचे वाचतानाचे व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकावेत असं त्यांनी सुचवलंय. मी त्यापुढं पेनानं 'नको' लिहिलं. अडखळणाऱ्या पोराचा व्हिडिओ गावभर फिरला तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. मधल्या सुट्टीत यावर बोललो. आवाज फक्त त्या मुलाच्या आईला ऐकवायचा, तोही शाळेत बोलावून, एवढ्यावर मिटलं.

बुधवारची लॅमिनेशनची गोष्ट आज वहीत उतरवली. पानांना आकडे घालायचे राहिलेत. आणि झेरॉक्सवाल्याला चाळीस कार्डं पुन्हा सांगायची आहेत, साध्या जाड कागदावर. तो विचारणार, बाई, परवाचीच खराब झाली काय?

लाईट आहे आत्ता. मोबाईल लावला चार्जिंगला.